मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत नव्याने रुजू झालेय, आधी काय हाती घेऊ?

सायली_ग्रं
नमस्कार मंडळी. इथे ग्रंथपाल आणि डॉक्टर दोन्ही जमातीचे लोक आहेत, म्हणून धागा काढतेय.

एम.लिब. झाल्यावर तालुक्याच्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात नोकरी केली. कादंबऱ्या, दिवाळी अंक, स्पर्धा परीक्षेची मुलं, अनुदानाचे कागद, सगळं अंगवळणी पडलं होतं. आता एका खासगी मेडिकल कॉलेजात लागलेय, शेजारीच त्यांचं रुग्णालय. पद सहायक ग्रंथपालाचं, पण आधीचे ग्रंथपाल निवृत्त झालेत आणि ती जागा भरलेली नाही. म्हणजे सध्या सगळा कारभार माझ्याकडेच. मदतीला दोन अटेंडंट.

अर्धी पुस्तकं ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाने लावलीत, अर्धी डिपार्टमेंटवार कपाटात. सॉफ्टवेअर आहे, पण ॲडमिन पासवर्ड कुणालाच माहीत नाही. डीन सर म्हणतात इन्स्पेक्शनच्या आधी रेकॉर्ड चोख हवं. मेडिसिनच्या एचओडी मॅडम म्हणतात रेकॉर्ड राहू दे, आमच्या पीजींना (पदव्युत्तर विद्यार्थ्यांना) सर्च शिकव. आणि परवा एक रेसिडेंट काउंटरवर येऊन म्हणाला, "मॅडम, मेश टर्म्स काढून द्याल?" मी हो म्हणून बसले.

सायन्स बारावीला सोडलं. आता मेडिकल शिकायला हवं का? एनएलएमचं (अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं) वर्गीकरण आणायचं का? आणि मुख्य म्हणजे, सुरुवात कुठून करू?

खवचटराव
सुरुवात एसीपासून करा. चालू असेल तर तुमची लायब्ररी कॉलेजात सर्वात लोकप्रिय आहे असं समजा. पुस्तकं हा दुय्यम मुद्दा.

पानगळ
अभिनंदन सायली! वाचतेय. (खवचटराव, हसले पण खरंय.)

निवृत्त_६१०
सायलीताई, पहिला प्रश्न मी विचारतो. चार्ज यादीवर, म्हणजे ताब्यात मिळालेल्या पुस्तकांच्या यादीवर, सही केलीत का? नसेल केली तर करू नका.

जन्मभर सरकारी ग्रंथालयांत नोकरी केली. जो माणूस ‘सर्व पुस्तके मिळाली’ असं लिहून सही करतो, पुढे हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाचा तो धनी. आधीचे साहेब पेन्शन घेऊन गावी गेले, त्यांना कोण विचारतंय? त्यामुळे ‘पडताळणीच्या अधीन राहून’ हे तीन शब्द लिहून मगच सही. एक प्रत आपल्या घरी.

मग पडताळणी. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम २०१७ आहेत, त्यातला नियम २१५ वाचा. खासगी संस्थेला तो बंधनकारक नाही, पण डीनपुढे ठेवायला दुसरं चांगलं काही नाही. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी. वीस ते पन्नास हजार असतील तर किमान तीन वर्षांतून एकदा. पन्नास हजारांच्या वर असतील तर नमुना पडताळणी. वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गेले तर ते वाजवी नुकसान धरतात, अर्थात त्यात लबाडी किंवा हलगर्जी नसेल तर. मात्र एक हजार रुपयांवरचा ग्रंथ गेला की चौकशी व्हायलाच हवी.

काउंटर_नं_२
काका, मेडिकलचं कुठलं पुस्तक हजाराच्या आत मिळतं हो? त्या हिशोबाने आमच्याकडे रोज चौकशी.

निवृत्त_६१०
म्हणून तर म्हणतो सही करू नका.

रेसिडेंट_डॉक
काकांचा पूर्ण आदर ठेवून, मला हे पटत नाही. नवीन ग्रंथपाल आली की सहा महिने लायब्ररी ‘मोजणीसाठी देवघेव बंद’. आमच्या कॉलेजात हेच झालं होतं. ती बंद होती तेव्हाच आमची थिसिसची सिनॉप्सिस जमा करायची तारीख येऊन गेली. मोजणी झाली आणि बाई बदलून गेल्या.

पीजीला लायब्ररीकडून काय लागतं ते सांगतो. रात्री अडीचला पूर्ण लेख उघडायला हवा, वॉर्डातूनही आणि होस्टेलवरूनही. थिसिसच्या रिव्ह्यू ऑफ लिटरेचरसाठी कुणीतरी धड शोधायला शिकवायला हवं, कारण आमचे गाइड ‘गूगल कर’ म्हणतात. आणि रेफरन्सेस व्हँकूवर पद्धतीत (क्रमांक देऊन) बसवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर दाखवलं तर पाया पडू. यातल्या एकाही कामाला ॲक्सेशन रजिस्टर (पुस्तकांची दाखल नोंदवही) लागत नाही.

निवृत्त_६१०
आणि तुमच्यातलाच कुणीतरी सर्जरीचं दोन खंडांचं पुस्तक घेऊन पास होऊन निघून गेला, तर नो ड्यूजवर सही कशाच्या आधारे करायची तिने? देवघेव बंद करा असं मी कुठे म्हटलंय? एकेक कपाट घ्या.

रेसिडेंट_डॉक
तो मी नव्हेच. :)

मेश_मावशी
दोघांचं भांडण चालू दे. सायली, तू ‘हो’ म्हणालीस तिथून सुरू करू, कारण तो पोरगा परत येणार आहे.

मेश म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची ठरावीक विषयशब्दांची यादी. १९६० पासून आहे. आपण बी.लिब.ला विषयशीर्षकं शिकलो ना, तीच जात. डॉक्टर ‘हार्ट अटॅक’ म्हणो की ‘एमआय’, सूचीत तो ‘मायोकार्डिअल इन्फार्क्शन’खाली जातो. पबमेडच्या (एनएलएमच्या वैद्यकीय लेख शोधायच्या फुकट साइटच्या) खोक्यात साधे शब्द टाकलेस तर ते स्वतःच मेशशी जुळवून घेतं. पण त्याच शब्दांना अवतरणचिन्हं लावलीस की हे जुळवणं बंद पडतं. हुशार मुलं नेमकं तेच करतात आणि ‘मॅडम, काहीच मिळत नाही’ म्हणून येतात. उलट नुसत्या मेशवर विसंबलीस तरी घोळ. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदी मेडलाइनच्या, म्हणजे मेश लावलेल्या मुख्य सूचीतल्या, नसतात. कित्येक भारतीय नियतकालिकांचे लेख पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या साठ्याच्या वाटेने आत आलेले असतात, त्यांना मेश लावलेलंच नसतं. म्हणून दोन्ही हवं: मेश शब्द, शिवाय शीर्षक आणि सारांशातले साधे शब्द, मधे ‘ऑर’.

शिकवताना मी विंचवाचं उदाहरण घेते. आपल्या लाल विंचवाला आधी ब्यूथस टॅम्युलस म्हणत, मग मेसोब्यूथस झाला, आता हॉटेन्टोटा. प्राणी तोच, जात तीच, बिऱ्हाडं तीन. आजचं नाव टाकून शोधलंस तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे विंचूदंशावरचे जुने, सगळ्यात कामाचे लेख निसटतात. ‘स्कॉर्पिअन स्टिंग्ज’ हा मेश शब्द, तिन्ही शास्त्रीय नावं आणि ‘प्राझोसिन’ हे औषधाचं नाव असं मांडलंस की जाळं नीट पडतं. हे सांगायला मला मेडिकल यावं लागलं नाही. नावं बदलतात हे माहीत असणं हा आपला धंदाच आहे.

कोकणचो_झील
बावस्कर सरांचं नाव काढल्याबद्दल मावशींना दंडवत. आमच्या लहानपणी विंचू चावला म्हणजे घरात रडारड सुरू व्हायची. प्राझोसिन मूळचं ब्लडप्रेशरचं औषध, ते त्यांनी विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

खवचटराव
धागा ग्रंथालयाचा, पोचला विंचवावर. आता भुतं कधी?

पानगळ
झील, गोष्टी तुझ्या तू वेगळ्या धाग्यावर सांग. इथे नको, मी रात्रपाळीत एकटी असते.

शंकेखोर
एक शंका. पबमेडमध्ये शब्द टाकायला शिकवायचं म्हणजे नक्की काय? आजकाल शाळेतली मुलं शोधतात. ग्रंथपालाने हे शिकवावं हा जरा स्वतःचं महत्त्व वाढवण्याचा प्रकार वाटतो. राग नसावा.

मेश_मावशी
राग नाही. २००१ सालची गोष्ट सांगते. जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्याच्या संशोधनात एका निरोगी, २४ वर्षांच्या स्वयंसेविकेला हेक्सामेथोनियम हुंगायला दिलं. तिची फुप्फुसं निकामी झाली, ती गेली. या औषधाने फुप्फुसाला इजा होते असे लेख १९५० च्या दशकात आले होते. संशोधकांनी पबमेड पाहिलं होतं, पण ते तेव्हा १९६६ च्या मागे जात नव्हतं. लेखांची जुनी छापील सूची, इंडेक्स मेडिकस, कुणी उघडली नाही. जगभरचे मेडिकल ग्रंथपाल हे प्रकरण अजून शिकवतात. शोध कुठे थांबतो हे ज्याला माहीत आहे, त्याची गरज असते. महत्त्व वाढवायचं म्हणून नाही सांगत हे.

शंकेखोर
हे माहीत नव्हतं. शंका मागे.

लॅबवाला_दादरचा
मावशींच्या मुद्द्याला आमच्या रक्तपेढीतली जोड. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हा दुर्मिळ रक्तगट सगळ्यांनी ऐकलेला असतो. मुंबईतल्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. गंमत अशी की त्या मूळ लेखाच्या शीर्षकात ‘बॉम्बे’ हा शब्दच नाही, आणि इतक्या जुन्या नोंदींना बहुधा सारांशही नसतो. म्हणजे ‘बॉम्बे’ टाकून शीर्षकात शोधणाऱ्याला सगळ्या जगाचे लेख मिळतील, ज्या लेखापासून सुरुवात झाली तो सोडून.

खवचटराव
मुंबई म्हणा, मुंबई. (जातो.)

डीडीसी_विरोधी
वर्गीकरणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ड्यूई मेडिकलला बिलकुल चालत नाही. हृदयाचंच बघा. शरीररचना ६११.१२, शरीरक्रिया ६१२.१७, आजार ६१६.१२, शस्त्रक्रिया ६१७.४१२. कार्डिओलॉजीचा माणूस चार रॅकांपाशी फिरतो. एनएलएममध्ये हृदय आणि रक्तवाहिन्या म्हटलं की डब्ल्यूजी, सगळं एका ठिकाणी. बालरोग डब्ल्यूएस, नर्सिंग डब्ल्यूवाय. लायब्ररी ऑफ काँग्रेसने मोकळी ठेवलेली अक्षरं वापरून ही पद्धत बांधली, आणि पूर्ण तक्ता इंटरनेटवर फुकट आहे. आता बदललं नाहीत तर कधीच बदलणार नाही.

काउंटर_नं_२
सर, पुस्तकं काही हजार आणि माणसं तीन. प्रत्येकाच्या पाठीवरचं लेबल खरवडून नवं कोण चिकटवणार? आमच्याकडे एका उत्साही साहेबांनी हे सुरू केलं, पॅथॉलॉजीपर्यंत आले, मग त्यांना दुसरीकडे नोकरी लागली. आज आमच्याकडे तीन पद्धती नांदतात.

सायली, नवीन येणाऱ्या पुस्तकांना एनएलएम नंबर दे, जुन्यांना हात लावू नकोस. जुनी आवृत्ती जाईल तशी ड्यूईही जाईल. मेडिकलची पुस्तकं तशीही फार जगत नाहीत.

डीडीसी_विरोधी
म्हणजे काही वर्षं एकाच विषयाची पुस्तकं दोन ठिकाणी. तत्त्वतः चूक आहे.

काउंटर_नं_२
तत्त्वतः पगारही वेळेवर व्हायला हवा.

आर्या_लीड्स
मी इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयात क्लिनिकल ग्रंथपाल आहे. आमच्याकडे ग्रंथपाल वॉर्ड राउंडला जातो. कन्सल्टंटने प्रश्न काढला की टिपून घ्यायचा, पुरावा शोधायचा, थोडक्यात लिहून पाठवायचा. ही कल्पना मूळची अमेरिकेतली, १९७१ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी केंद्रात गर्ट्रूड लॅम्ब यांनी सुरू केली. सायलीने काउंटरमागून बाहेर पडावं असं मला मनापासून वाटतं. एचओडी मॅडम स्वतःहून बोलावताहेत, अशी संधी सहसा मिळत नाही.

निवृत्त_६१०
लीड्सला तुमच्या मागे काउंटर कोण सांभाळतं?

आर्या_लीड्स
तीन सहकारी. मान्य. पण आठवड्यातून एक तास? मेडिसिनचा जर्नल क्लब (नव्या लेखांवर चर्चेची बैठक) असेलच, तिथे मागच्या रांगेत बसलं तरी पुरे. रुग्ण, हस्तक्षेप, तुलना, परिणाम, अशा चार खान्यांत त्यांचा प्रश्न मांडायची सवय लागते. आणि मेडिकल शिकायला हवं का, या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. शब्द कानावर पडत राहतात. पुस्तक घेऊन शरीररचना पाठ करायची गरज नाही.

रेसिडेंट_डॉक
+१. आणि जर्नल क्लबला समोसे असतात. फार्मा कंपनीचे.

मेश_मावशी
आर्याशी सहमत, एक भर घालून. पीजीसाठी सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून तपासायचा) शोध बांधून दिलास, तर तुझं नाव निदान आभारात येतंय ना ते आधीच विचार. शोधपद्धतीचा भाग तूच लिहिलास तर लेखकांत. हे नंतर मागायला गेलं की कुणी ओळख देत नाही.

अनघा_का
मी वेगळंच विचारते. रुग्णाचे नातेवाईक येतात का तुमच्याकडे? मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात आहे, लायब्ररी तळमजल्यावर, ओपीडीच्या रस्त्यात. एक गृहस्थ बायकोचा बायोप्सीचा कागद घेऊन आले. म्हणाले, "तुम्ही पुस्तकं वाचलेली माणसं, एवढं सांगा हे बरं आहे की वाईट." मला त्यातला एक शब्द ओळखू आला होता.

मी वाचून दाखवलं नाही. त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि डॉक्टरांना काय काय विचारायचं ते कोऱ्या कागदावर त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. उपचार कोणते, किती दिवस, खर्च, जेवणखाण, दुसरं मत कुठे घेता येईल. मग ओपीडीत सिस्टरकडे नेऊन पोचवलं. बरोबर केलं असं वाटतं, पण मराठीत त्यांच्या हातात देता येईल असं काही माझ्याकडे नव्हतं, ते खुपतं.

पानगळ
अनघा, अगदी बरोबर केलंस. मी स्टाफ नर्स आहे. अर्धवट माहिती देऊन पाठवलेला नातेवाईक आम्हाला सांभाळावा लागतो.

निवृत्त_६१०
मुंबईत फोर्टात डॉ. अनिरुद्ध मालपाणींनी १९९७ मध्ये खास रुग्णांसाठी आरोग्य ग्रंथालय काढलं, ‘हेल्प’ नावाचं. गावोगावी तसं का झालं नाही, यावर कधीतरी लिहीन. सायलीताईंच्या संस्थेत निदान एक कपाट मराठी आरोग्यपुस्तकांचं ठेवता येईल. तालुक्याच्या वाचनालयात होत्या, कुठली पुस्तकं लोक खरंच वाचतात हे त्यांना माहीत आहे. मात्र प्रत्येक पुस्तक त्या त्या विभागाच्या डॉक्टरांनी बघून दिलेलं असावं. चमत्कारी उपचारांचीही पुस्तकं याच विषयात मोडतात आणि तीच जास्त खपतात.

शंकेखोर
सरकारने ते ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ काढलंय ना? मग जर्नल्सचा प्रश्न मिटला की.

काउंटर_नं_२
सरकारी संस्थांचा बराचसा मिटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी, ६,००० कोटी तीन वर्षांसाठी, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स, १ जानेवारी २०२५ पासून सुरू. पण पहिल्या टप्प्यात फक्त केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्था. सायलीचं कॉलेज खासगी, ते त्यात नाही. तिला विकत घ्यावी लागणार, किंवा विद्यापीठामार्फत काय मिळतं ते बघावं लागणार. सायली, संलग्न विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पहिल्याच आठवड्यात फोन कर. आणि संस्थेचा आयपी नंबर (इंटरनेटवरचा पत्ता, त्यावरूनच जर्नल्स उघडतात) आयटीवाल्यांकडून लेखी घे. ते इंटरनेट कंपनी बदलतात, नंबर बदलतो, पैसे भरलेली जर्नल्स दिसेनाशी होतात आणि शिव्या आपल्याला.

रेसिडेंट_डॉक
तोवर चोरून लेख देणारी ती ‘दुसरी’ साइट आहेच. ;)

काउंटर_नं_२
तिच्यावर प्रकाशकांनी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात खटला भरला. काउंटरवरून मी तिचं नाव घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. लेखकाला मेल टाका, बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात.

अनघा_का
अजून एक नवीन उपद्रव. एआयने बनवलेले रेफरन्सेस. पीजी यादी घेऊन येतात, ‘हे पाच लेख काढून द्या’. लेखक खरा, जर्नल खरं, साल बरोबर वाटतं, लेख मात्र अस्तित्वातच नाही. तास तास घालवलाय. आता मी आधी पीएमआयडी किंवा डीओआय, म्हणजे लेखाचा ओळख क्रमांक, मागते. नसेल तर शीर्षक जसंच्या तसं पबमेडमध्ये टाकून त्यांच्यासमोरच दाखवते.

रेसिडेंट_डॉक
हे आमच्या बॅचमध्ये... असो. विषय बदला.

मेश_मावशी
विषय बदलते. ‘डिअर एस्टीम्ड डॉक्टर, वुई हॅव रेड युवर व्हॅल्युएबल आर्टिकल’ असे मेल घेऊन प्राध्यापक येतील. बढतीसाठी प्रकाशन हवं असतं, चार दिवसांत स्वीकारतो म्हणणारी जर्नल्स टपलेली असतात. यूजीसीने मान्य जर्नल्सची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहे का’ एवढं विचारून भागत नाही. मेडलाइनमध्ये आहे असं जर्नल स्वतः सांगतं, ते एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये जाऊन तपासायचं. दोन मिनिटांचं काम. एका प्राध्यापकाचे पैसे वाचवलेस की पुढचं बजेट मंजूर होताना ते तुझ्या बाजूने बोलतील.

सायली_ग्रं
सगळ्यांचे खूप आभार, मधे नेट नव्हतं.

काका, सही केली नव्हती, वाचलेच. ‘पडताळणीच्या अधीन राहून’ लिहून दिलंय आणि डीन सरांना नियम २१५ दाखवला. देवघेव चालू ठेवून कपाट-कपाट मोजतोय. संदर्भ विभागापासून सुरुवात केली, महाग पुस्तकं तिथेच आहेत. आमचे जुने अटेंडंट भाऊ मेडिकलची निम्मी पुस्तकं रंगावरून ओळखतात, त्यांच्यामुळे भराभर होतंय. पासवर्ड सॉफ्टवेअर कंपनीकडून बदलून मिळाला, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज द्यावा लागला.

मावशी, विंचू चालला! तो रेसिडेंट परत आला, त्याच्या विषयाचे शब्द आम्ही दोघांनी मिळून मेशमध्ये शोधले. आता जर्नल क्लबला बोलावलंय. वर्गीकरणात काउंटर_नं_२ यांचं ऐकतेय, डीडीसी_विरोधी सरांनी माफ करावं.

आता अडलंय ते जुन्या आवृत्त्यांपाशी. फार्माकॉलॉजीच्या तीन-तीन आवृत्त्या मागच्या प्रती रॅकवर आहेत. काढाव्या तर इन्स्पेक्शनला संख्या कमी दिसेल म्हणतात.

रेसिडेंट_डॉक
काढा. जुन्या आवृत्तीतला डोस वाचून कुणी केसशीटवर लिहिला तर संख्येचं काय करायचं?

निवृत्त_६१०
इथे मात्र डॉक्टरसाहेबांशी सहमत. पण परस्पर काढायच्या नाहीत. चालू रॅकवरून उचलून वेगळ्या कपाटात, वर ‘जुनी आवृत्ती, उपचारासाठी वापरू नये’ अशी पाटी. मग ग्रंथालय समितीपुढे निर्लेखनाची (नोंदीतून रद्द करायच्या पुस्तकांची) यादी, विभागप्रमुखांच्या सह्या, ठराव, आणि रजिस्टरात त्या त्या नोंदीसमोर लाल शाईने ठराव क्रमांक. प्रत्येक आवृत्तीची एक प्रत राखून ठेवा, थिसिसवाले मागतात.

डीडीसी_विरोधी
माफ केलं. राखून ठेवलेल्या प्रती तरी एनएलएमने लावा.

सायली_ग्रं
:) समितीची बैठक बुधवारी आहे. निर्लेखनाच्या ठरावाचा मसुदा कुणाकडे असेल तर व्यनि कराल का?

निवृत्त_६१०
केला. त्यातलं आमच्या संस्थेचं नाव तेवढं खोडा.

काउंटर_नं_२
काका, मलाही.